उपरण्याखालचा सौदा

आप्पांना कुणाशी महत्त्वाचं बोलायचं असलं की ते आधी खांद्यावरचं उपरणं काढत. समोरच्याचा उजवा हात आपल्या हातात घेत, त्यावर उपरणं पसरत आणि गप्प बसत. पुढचं सगळं बोलणं त्या कापडाखाली, बोटांनी.

मुरुमच्या बाजारात तेव्हा भाव असेच ठरत. आडत्यानं घेणाऱ्याची बोटं दाबायची, घेणाऱ्यानं उलट दाबायची. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नसे. एक बोट म्हणजे एक, पूर्ण पंजा म्हणजे पाच, एवढं मलाही माहीत होतं. पण कुठलं बोट कधी सैल सोडायचं, कधी धरून ठेवायचं, हे कळायला सगळा जन्म बाजारात जावा लागे. माझं बालपण ईट गावात गेलं आणि पुढची वर्षं धाराशिवच्या उर्दू शाळेत. आप्पांच्या आडतीवर सहा वर्षं मुन्शी म्हणून बसूनही त्या भाषेतलं एक अक्षर मला आलं नाही. अडाणी लोकांची रीत आहे, आपल्याला काय करायची, अशी मी मनाची समजूत घातली होती.

"भाव तोंडानं सांगायचा नसतोय, मुन्शी," आप्पा म्हणत. "तोंडानं सांगिटला की त्यो गावाचा झाला."

आप्पा लिंगायत. घरात कानडी, बाजारात मराठी आणि कचेरीत मोडकीतोडकी दख्खनी बोलत. सुरुवात त्यांनी रिकामी पोती विकण्यापासून केली होती. मग शेंगा आणि तुरीची आडत आली, मग सोलापूरहून यंत्र आणून तेलाची गिरणी घातली, आणि गिरणीचा भोंगा वाजायला लागला तशी सरकारनं त्यांची गावच्या कमिटीवर मेंबर म्हणून नेमणूक केली. निजामाच्या राज्यात निवडून येण्याची भानगड नव्हती. वरून नाव यायचं. कमिटीच्या बैठकीला आप्पा काळी शेरवानी आणि रुमी टोपी घालून जात. नळदुर्गावरून मोटारीनं सोलापूरला निघाले की सरहद्दीचा नाका ओलांडल्यावर पिशवीतून पांढरी टोपी निघे. दोन्ही टोप्यांची पिशवी माझ्याकडे असायची.

त्या पिशवीवरून मी आप्पांना मनातल्या मनात फार नावं ठेवत असे. तत्त्व नसलेला माणूस, दोन डगरींवर पाय ठेवणारा माणूस. मी स्वतः मात्र निष्ठेचा पुतळा होतो. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी स्वतःच्या नावापुढे 'देशसेवक' असं लिहून ठेवलं होतं आणि ती वही कुणाच्या हाती लागू नये म्हणून शेंगांच्या पोत्यांमागे लपवली होती. तिथे एकदा पाल निघाली तेव्हा देशसेवक तीन दिवस वहीकडे फिरकले नाहीत.

तर अशा या आप्पांचा कारभार कसा चाले, ते एका वाचनालयावरून सांगतो. गावात मराठी वाचनालय काढायचं होतं. त्या काळात चार माणसांनी एकत्र बसून पेपर वाचायलाही सरकारची परवानगी लागे. परवानगीचा अर्ज मी लिहिला. सात पानांचा, अस्सल दरबारी उर्दूत. पहिली दोन पानं तर नुसते अलकाब, म्हणजे हुजुरांच्या पदव्या. अर्ज वर्षभर कचेरीत पडून राहिला. मी म्हटलं, भाषा वरच्या दर्जाची असल्यामुळे समजायला वेळ लागत असेल.

एक दिवस आप्पा कंटाळले, उठले आणि तालुक्याला गेले. तिथला पेशकार म्हणजे तहसीलदाराच्या हाताखालचा, कागद पुढे सरकवणारा माणूस. मुसलमान, वयस्क, शांत स्वभावाचा. त्याचा बाप बैलांच्या बाजारात दलाल होता, त्यामुळे बोटांची भाषा त्याला घरातच मिळाली होती. आप्पांनी त्याचा हात धरला, उपरणं टाकलं. अर्ध्या घटकेत दोघंही चहा प्यायला निघून गेले. संध्याकाळी परवानगी हातात होती. आठवड्यातून पाच दिवस वाचनालय उघडं राहील, आणि दोन दिवस बंद. सरकारला पाच दिवस बंद हवं होतं. आप्पांनी आकडे उलटे करून आणले होते.

उद्घाटनासाठी मी चौदा पानांचं भाषण लिहिलं. त्यात गंगा होती, हिमालय होता, ज्ञानाचा सूर्य तर चार वेळा उगवत होता. आप्पांनी पानं घेतली, घडी केली, खिशात ठेवली आणि उभे राहून म्हणाले, "वाचनालय झालं. येत जावा. पेपर घरी न्हेऊ नका."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पंधरा दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोललो. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

पुढे दिवस वाईट आले. आजूबाजूच्या गावांत हत्यारबंद टोळ्या फिरायला लागल्या. बरीच माणसं बायकापोरांना घेऊन सरहद्दीपलीकडे निघून गेली. इकडे कचेरीनं लेव्हीचं धान्य सक्तीनं उचलायला सुरुवात केली. आता देशसेवकानं काहीतरी करणं भाग होतं. मी ठरवलं, तहसीलदाराविरुद्ध जनतेच्या नावानं निनावी पत्रक काढायचं.

भर दुपारी, आडतीवर सगळे जेवून लवंडलेले असताना, मी पोत्यांमागे बसून बोरूनं पाच प्रती काढल्या. मथळा झणझणीत होता: 'जुलमी तहसीलदारास जनतेचा अखेरचा इशारा'. तो जुळवायलाच अर्धा तास गेला. पुढे मात्र लेखणी सुरळीत चालली, कारण पुढे हातानं स्वतःच काम हाती घेतलं. सहा वर्षं रोज अर्ज लिहिणारा तो हात. त्यानं लिहिलं: 'मेहरबान तहसीलदारसाहेब यांचे खिदमतीत, बाद आदाब अर्ज ऐसाजे.' मग सगळे जुलूम एक, दोन, तीन असे कलमवार मांडले. आणि शेवटी: 'तरी हुजुरांनी गौर फर्मावून राज्य सोडून जाण्याची मेहरबानी करावी. जास्त काय लिहिणे?' उजव्या कोपऱ्यात सरकारी तिकिटासाठी जागासुद्धा सोडली होती.

आपण काय लिहिलंय हे मला तेव्हा दिसलं नाही. पत्रकं चावडीवर, बाजारात, वाचनालयाच्या दारावर चिकटवून मी आडतीवर येऊन बसलो आणि बाहेर गलका कशाचा म्हणून भोळेपणानं विचारलं. आडतीवरचा हमाल पोट धरून हसत होता. "मुन्शीजी, म्हैस गाभडली तवा तुमी माजा अर्ज लिवला हुता न्हवं? तस्संच अक्षर हाय बगा!"

पंचक्रोशीतल्या प्रत्येक घरात माझ्या हातचा एकेक अर्ज होता. जनता निनावी होती; अक्षर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई आले आणि मला तालुक्याला घेऊन गेले. आता हसण्याची गोष्ट संपली. शेजारच्या गावातला एक मास्तर महिन्यापूर्वी असाच नेला होता, तो परत आला नव्हता, आणि कुठं आहे हे विचारायचीही सोय नव्हती. कचेरीच्या ओट्यावर मला भिंतीशी बसवलं. समोर पेशकाराच्या मेजावर माझं पत्रक पडलं होतं. पेशकार त्याच्याकडे बघत होता, माझ्याकडे बघत नव्हता. मी देशभक्तीची गाणी आठवून पाहिली. एकही ओळ आठवली नाही. आईची मात्र फार आठवण आली.

दुपार टळायच्या आत बैलगाडी आली. आप्पा उतरले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सरळ पेशकारापाशी जाऊन बसले, हात पुढे केला, उपरणं टाकलं.

त्या दिवशी सौदा लांबला. पेशकार आत तहसीलदाराकडे गेला, बाहेर आला, घडी घातलेला एक कागद आप्पांना दाखवला. आप्पांनी तो वाचला, परत दिला आणि मान हलवली. पुन्हा हात कापडाखाली गेले. पेशकार पुन्हा आत, पुन्हा बाहेर. असं तीनदा झालं. आप्पांचा चेहरा रोज शेंगांचा भाव ठरवतानाचाच होता. फक्त कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्यांतून घाम ओघळत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता.

आणि मी काय विचार करत होतो? तुम्हाला सांगायला लाज वाटते. मला राग येत होता, की माझ्यासारख्या माणसासाठी हे इतकी घासाघीस का करताहेत.

"झालं," आप्पा शेवटी म्हणाले. "ऊठ मुन्शी. गाडीत बस."

वाटेत मी विचारलं, "आप्पा, किती दिले?"

"भाव तोंडानं सांगायचा नसतोय," ते म्हणाले आणि त्यांनी बैलांना हाक दिली.

आठ दिवसांनी चावडीवर दवंडी पिटून एक पत्र वाचलं गेलं. मुरुमची रयत सरकारशी वफादार आहे, लेव्ही खुशीनं देत आहे, बंदोबस्तासाठी आलेल्या हत्यारबंद लोकांपासून कुणाला तोशीस नाही, अशा मजकुराचं. खाली एकच सही होती, आप्पांची. ज्या माणसानं जन्मात कुठल्या कागदावर आपलं मत लिहून दिलं नव्हतं, त्यानं हे लिहून दिलं होतं.

तुमच्या एव्हाना सगळं लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. उर्दूच्या परीक्षेत पहिला आलेला मी, मला दोन आणि दोन जोडता आले नाहीत. मी तिथल्या तिथे तीन पानी राजीनामा लिहिला. त्यात 'अंतरात्मा' हा शब्द सात वेळा होता. आप्पांनी तो शेवटपर्यंत वाचला. माझं लिहिलेलं काहीही त्यांनी पूर्ण वाचलं असेल तर ते तेवढंच.

"बरं," ते म्हणाले. "सोलापूरला जाशील न्हवं? नाक्यावरनं जाऊ नगंस, तुजं नाव हाय तिथं. शिवारातनं जा. आन ही घोंगडी घे, थंडी लई हाय."

घोंगडी मी घेतली. अंतरात्म्यालाही थंडी वाजतेच.

सोलापूरकडच्या निजामविरोधी छावणीत माझी चांगलीच चलती झाली. जुलमी तहसीलदाराविरुद्ध पत्रक काढून त्याच्या तावडीतून निसटलेला तरुण! मजकूर मी कुणाला सांगितला नाही, मथळा तेवढा सांगत असे. पुढे पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि मी हार घालून घ्यायला मुरुमला परत आलो. घोंगडी छावणीतच कुणाला तरी देऊन टाकली होती. शाल मिळणार होती ना.

गावात नवी कमिटी नेमायची होती. त्यासाठी नवा अधिकारी आला. वाचनालयासमोर सभा भरवून तो एकेक नाव वाचू लागला, कुणाची हरकत आहे का विचारू लागला. आप्पांचं नाव कुणीतरी सुचवलं होतं. त्यांना ती जागा मनापासून हवी होती. गावाला नळाचं पाणी आणायचं त्यांच्या डोक्यात होतं, आणि ते काम उपरणं घेऊन कचेऱ्या झिजवल्याशिवाय होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या रांगेत बसले होते, दोन्ही हात मांडीवर उपरण्याखाली. त्या दिवशी डोक्यावर ना रुमी टोपी होती ना पांढरी. मी पहिल्यांदाच त्यांचं पिकलेलं डोकं पाहिलं.

हरकत मी घेतली. पुन्हा चौदा पानं. ज्या हातानं त्या गुलामीच्या कागदावर सही केली, तो हात गावाचा कारभार काय करणार, असा सवाल मी केला आणि टाळ्यांसाठी थांबलो. मागे शेतकऱ्यांत टाळ्या पडल्या. बाजारातले चार मोठे आडते आप्पांशेजारीच बसले होते, ते खाली बघत होते. त्यांतला एक, सर्वांत म्हातारा, काहीतरी बोलायला अर्धवट उठला. आप्पांनी उपरण्यातून एक बोट बाहेर काढून हलवलं. म्हातारा खाली बसला. माझ्या वक्तृत्वानं त्याची जीभ लुळी पडली, असं मी समजलो.

आप्पा उठले. "बराबर हाय," ते म्हणाले. "सही माजीच हाय." आणि चालते झाले. आठवड्याभरात शेतकरी आपल्या शेंगा दुसऱ्या गिरणीला घालू लागले. भोंगा बंद पडला.

महिन्याभरानं पेशकार माझ्या दारात आला. नोकरी गेली होती, हैदराबादला लेकीकडे निघाला होता. आपण कुणाला त्रास दिला नाही, असा एक अर्ज त्याला नव्या अधिकाऱ्याला द्यायचा होता, आणि चांगला अर्ज लिहिणारा माणूस त्याला एकच माहीत होता. मी लिहायला बसलो. मेहरबान, खिदमतीत, सगळं रीतसर. तो माझ्या बोरूकडे बघत होता. बघता बघता म्हणाला, "मुन्शीजी, तुमारा भाव क्या लगा था, मालूम है तुमकू?"

"पैसे दिले असतील आप्पांनी."

"पैसा नक्को बोले साब. आप्पा पहले शेंगा दिये, फिर गिरणी दिये. नै बोले. साब कू वो वफादारी के कागद पे दस्तखत होना था. पाच आडत्यों के पाच दस्तखत." त्यानं पंजा वर केला. "आप्पा मेरे हात कू ऐसा दबाये, पाच नै, एक. मैं अंदर गया, साब तीन बोले. आप्पा फिर एक. बाकी लोगां कू बीच में लाना नै, बोले उनकी उंगली. एक लेव, मेरा लेव, छोकरे कू छोड देव."

त्यानं तर्जनी माझ्यासमोर धरली. "एक में छूटे तुम."

बोरू माझ्या हातात वाळून गेला. त्याचा अर्ज मी कसा पुरा केला ते आठवत नाही.

मी गिरणीत गेलो. आप्पा बंद यंत्राशेजारी स्टुलावर बसून पट्ट्याला तेल लावत होते. यंत्र चालत नव्हतं तरी तेल लावत होते. मी समोर उभा राहिलो. आयुष्यभर शब्दांवर जगलेला माणूस मी, पण त्या दिवशी मला एक साधं 'चुकलो' म्हणता येईना. शेवटी खांद्यावरची सत्काराची शाल काढली, त्यांचा तेलकट हात धरला, वर शाल टाकली आणि त्यांची पाचही बोटं दोन्ही हातांनी घट्ट दाबली.

आप्पा हसायला लागले. "आरं येड्या, येवढा भाव न्हाय माजा. सौदा एकात झालता."

मी रडलो. मग म्हणालो, उद्याच सभा घेतो, सगळ्या गावाला सांगतो.

"न्हाय," ते म्हणाले, आणि आवाज एकदम आडतीवरचा झाला. "झाकून क्येलेला सौदा उघडा करायचा न्हाय. त्यो पेशकार वाटंत हाय अजून, लोक त्येला गाठत्याल. आन उद्या कुणी कुणाला हात देईल का मग? गप ऱ्हा."

मी गप्प राहिलो. आप्पांची आज्ञा पाळली, असं मी पुष्कळ दिवस म्हणत आलो. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं पडलं. माझा हारही राहिला, शालही राहिली, आणि गप्प बसण्याला वर 'शब्द पाळला' असं नावही मिळालं. इतका स्वस्त सौदा आप्पांनाही कधी जमला नसता.

पुढच्या हिवाळ्यात आप्पा गेले. मोठा आजार नाही, दोन दिवसांचा ताप. त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना आंघोळ घालून, भस्म लावून, मांडी घालून बसवलं होतं. ओसरीवर बसून ते गिऱ्हाइकाची वाट बघताहेत असंच वाटत होतं. त्यांच्याच शेतात खड्डा खणला होता. जंगमाचे मंत्र झाल्यावर कुणीतरी म्हणालं, मुन्शी, चार शब्द बोला.

माझ्याकडे एकही पान नव्हतं. मी उभा राहिलो. "सही आप्पांनी केली," मी म्हणालो. "ती माझा जीव वाचवायला केली. हे मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो."

आता लोक अंगावर येतील, निदान कुजबुज तरी होईल, म्हणून मी मान खाली घालून वाट बघत राहिलो. काहीच झालं नाही. तो सर्वांत म्हातारा आडत्या माझ्याजवळ आला आणि त्यानं मला दंडाला धरून खाली बसवलं.

"बस, मुन्शी. आमा चौघांस्नी पयल्या दिवसापासनं ठाव हाय. आमची नावं हुती की त्या कागदात. आप्पानं काढून घेतली."

"मग सभेत तुम्ही बोलला का नाहीत?"

"उठलो हुतो की म्या. आप्पानं बोटानं नगं म्हनलं. मागनं म्हनला, त्यो पोरगा आत्ताच कुठं वर आलाय, त्येला पाडू नगा."

म्हणजे पत्रकाचं अक्षर जसं सगळ्या बाजाराला माहीत होतं, तसंच हे चौघा आडत्यांना माहीत होतं. ज्याच्यासाठी सौदा झाला, त्यालाच तेवढं कळलं नव्हतं.

मूठमूठ माती घालायला माणसं उठली. माझी पाळी आली तेव्हा मी खड्ड्याशी वाकलो. आप्पा आत ताठ बसले होते. डाव्या तळव्यावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवलेलं, उजवा हात त्यावर, आणि दोन्ही हातांवर ते उपरणं पसरलेलं. चेहरा भाव ठरवतानाचा होता. मी जरा वेळ तसाच वाकून त्या कापडाकडे बघत राहिलो. खाली कुणाचा तरी सौदा चालला होता, आणि नेहमीप्रमाणे मला त्यातलं काही कळत नव्हतं.